बिनहाराची सायकल

गाड्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. भालचंद्ररावांच्या अंगणात एक मोटार होती आणि एक सायकल. सायकल त्यांच्या पत्नीची. त्या गेल्यापासून तिच्यावर नुसते टॉवेल वाळत.

खंडेनवमीला मोटारीची पूजा झाली, हार पडला. "बाईसाहेब, उद्या तुम्हाला भंगारवाला नेणार हं!" मोटार म्हणाली.

तेवढ्यात भालचंद्ररावांना आठवलं, नैवेद्याचं श्रीखंड राहिलंच! पण पुजलेली गाडी त्या दिवशी हलवायची नाही, हा घरचा रिवाज. त्यांनी टॉवेल काढले, चाकांत हवा भरली आणि निघाले. परतले ते घामाघूम, गुणगुणत. दुसऱ्या दिवशी भंगारवाला रिकाम्या हातांनी गेला.

मग वर्षभर ते रोज सायकलनेच हिंडले. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी हार तिच्यासमोर धरला.

"नको हो!" सायकल घाबरून म्हणाली. "आज फिरायला जायचंय ना आपल्याला?"

त्यांनी हसून तोही हार मोटारीला घातला.