टिकली बेडकी आणि कमळिणीचं पान

डोंगरावर एक गाव. गारेगार गाव!
गावात एक अंगण. अंगणात एक टब. टबात एक कमळीण. कमळिणीला एक पान.
आणि पानावर कोण? बेडकी! टिकलीएवढी, म्हणून नाव टिकली.

टिकली रोज पानावर झोपायची. पान डुलायचं, डुलू डुलू. टिकली घोरायची, डर्रर डर्रर.

मग आली थंडी. पान झालं पिवळं. पान झालं तपकिरी. एका रात्री पान बुडालं, बुडुक! टिकली कशीबशी काठावर चढली.
सकाळी बघते तर काय? टबावर बर्फाची पापडी! पाणी खाली, टिकली वर.

टिकलीला भारी रडू आलं. पण रडत बसेल ती टिकली कसली! तिने पापडीवर टकटक केलं.

"कमळिणी, कमळिणी, नवं पान दे!"

पापडीखालून कमळीण म्हणाली, "हूहूहू! मी गारठले. आणखी एक रात्र बाहेर राहिले, तर माझा कंद गोठेल. मग पान कधीच नाही! आधी मला घरात ने, मग पान देते."

टप्पक टप्पक! टिकली गेली घरात, द्वारकाकाकूकडे. काकू चुलीपाशी बसली होती. नाक लाल, कान लाल.

"काकू, काकू, टब घरात ने!
कमळीण पान देईना,
मी झोपू कुठे?"

काकू म्हणाली, "अगं बाई! टब भरलाय काठोकाठ. माझी कंबर मोडायची! आधी तांब्याला पाणी उपसू दे, मग टब उचलते."

टप्पक टप्पक! तांब्या पालथा पडून होता.

"तांब्या, तांब्या, पाणी उपस!
काकू टब उचलेना,
कमळीण पान देईना,
मी झोपू कुठे?"

तांब्या म्हणाला, "ठण्ण! वर बर्फाची पापडी. डोकं आपटेल. टेंगूळ येईल! आधी पापडी फुटू दे, मग पाणी उपसतो."

टप्पक टप्पक! टिकली परत टबाकडे.

"पापडी, पापडी, फूट ना!
तांब्या उपसेना,
काकू टब उचलेना,
कमळीण पान देईना,
मी झोपू कुठे?"

पापडी म्हणाली, "इश्श! मी फुटू? एवढी चकचकीत मी? आधी ऊन येऊ दे, मग फुटते."
बघा, ठसका किती!

टप्पक टप्पक! टिकली चढली कौलावर.

"उन्हा, उन्हा, लवकर ये!
पापडी फुटेना,
तांब्या उपसेना,
काकू टब उचलेना,
कमळीण पान देईना,
मी झोपू कुठे?"

ऊन म्हणालं, "मी तयारच आहे गं! पण हे धुकं मध्येच लोळतंय. आधी धुकं हटू दे, मग येईन."

"धुक्या, धुक्या, बाजूला हट!
ऊन येईना,
पापडी फुटेना,
तांब्या उपसेना,
काकू टब उचलेना,
कमळीण पान देईना,
मी झोपू कुठे?"

धुकं म्हणालं, "मी जाडजूड. मी आपणहून हलत नाही. आधी वारा वाहू दे, मग हटेन."

टप्पक टप्पक! वारा जांभळाच्या झाडावर पाय पसरून बसला होता.

"वाऱ्या, वाऱ्या, वाहा ना!
धुकं हटेना,
ऊन येईना,
पापडी फुटेना,
तांब्या उपसेना,
काकू टब उचलेना,
कमळीण पान देईना,
मी झोपू कुठे?"

वारा म्हणाला, "अंहं! मला कंटाळा आलाय. आधी मला हसव, मग वाहतो."

आता आली का पंचाईत? टिकलीने डोळे मोठे केले. वारा गप्प. गाल फुगवले. वारा गप्प. तेवढ्यात थंडीने तिच्या नाकात गुदगुल्या झाल्या.
आ... आ... आऽऽक्छी!
टिकली उलटी पडली. चारी पाय वर!
वारा हसला. खो खो खो!

हसता हसता वारा सुटला, सूंऽऽऽ!
धुकं हटलं, भस्स!
ऊन आलं, लख्ख!
पापडी फुटली, कटकन!
तांब्याने पाणी उपसलं, भुळुक भुळुक!
"थोडं ठेव रे तळाशी!" कमळीण ओरडली. "मला ओला चिखल हवा!"
काकूने टब उचलला, हुश्श! चुलीजवळ नको, दाराजवळ नको. दोन्हींपासून दूर, कोपऱ्यात ठेवला. वर गोणपाट घातलं.

टिकली टुणकन टबात. "आता दे पान!"

कमळिणीने जांभई दिली. "आधी तू झोप, मग पान देते."

"अगं, पण पानाशिवाय मी झोपू कुठे?"

"इथे. माझ्या कुशीत."

टिकली फुरंगटली. गाल फुगवून चिखलात शिरली. चिखल मऊ होता. कमळीण जवळ होती. डर्रर... डर्रर...

बाहेर थंडी नाचली, नाचली आणि दमून गेली. काकूने टब अंगणात ठेवला. पाणी ओतलं. टिकलीने एक डोळा उघडला. मग दुसरा.
पाण्यावर काहीतरी आलं होतं. इवलंसं. गुंडाळलेलं. हळूच उलगडलं.
पान! हिरवंगार पान!

"घे तुझं पान," कमळीण म्हणाली. "झोप आता."

"झोप? किती झोपले मी! आता मी नाचणार!"

थै थै थै! वारा हसला, खो खो खो! पान उलटलं. डुबुक! टिकली परत चढली. परत डुबुक!

टिकली तिकडे नाचते आहे. गोष्ट इकडे पेंगते आहे.
आणि तू? चल, शीर बघू माझ्या कुशीत.