गोरोचन आणि विझलेली चूल

फार पूर्वी, दूर कोरियाच्या डोंगरात एक दळणवाला राहत होता. त्याच्या अंगणात बैलाने फिरवायचं मोठं जातं होतं. बैल चांगला धिप्पाड. त्या मुलखात अशी रीत, की थंडीत बैलासाठी रोज हंडाभर कोंड्याची पेज शिजवायची. त्या चुलीचा धूर खोलीच्या जमिनीखालून जायचा, म्हणून जमीन ऊन राहायची. बैलही तृप्त, माणसंही उबेत.

दळणवाल्याच्या एकुलत्या लेकीला आकडी यायची. वैद्य म्हणाला, "गोरोचन हवं. बैलाच्या पित्ताशयात पिवळा खडा धरतो, तो. पण खंगलेल्या बैलातही क्वचितच सापडतो. मी बाजारात बघतो. तोवर पोरीला उबेत ठेवा."

दळणवाल्याच्या डोक्यात 'खंगलेला बैल' एवढंच राहिलं. घरी येऊन म्हणाला, "आजपासून बैलाची पेज बंद."

"का? त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" बायको म्हणाली.

"खंगला की खडा धरेल. पोरीसाठीच करतोय ना!"

"औषध शोधताय की रोग पेरताय? आणि जातं उपाशीपोटी त्यानंच ओढायचं?"

"तुला काय कळतं त्यातलं!"

बायको कसली ऐकते! तिने हंडा चढवलाच. वास येताच बैल हंबरू लागला. दळणवाल्याने चुलीत पाणी ओतलं आणि लाकडं कुलपात टाकली. "त्याचं हंबरणं मला ऐकवत नाही," म्हणाला.

"ऐकवत नाही म्हणे! उपाशी मारवतं बरं!"

जमीन गार पडली. होत्या नव्हत्या त्या गोधड्या बायकोने पोरीवर घातल्या, स्वतः तिला कवटाळून निजली. तरी ताप चढला. आकडीवर आकडी येऊ लागली. दळणवाल्याचं आपलं एकच, "थोडा धीर धर. बैलाच्या बरगड्या दिसायला लागल्यात."

एका सकाळी बैल जात्यापाशी बसला, तो उठलाच नाही. दळणवाल्याने सुरी आणली, पित्ताशय चिरलं. आत खडा ना बिडा, नुसतं हिरवं पाणी. रक्ताळल्या हातांनी तो खोलीत आला. बायको पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीत जीव नव्हता.

तेवढ्यात वैद्य आला, हातात गोरोचनाची पुडी. तो जमिनीवर टेकला आणि दचकला. "इथली चूल कोणी विझवली?"

"विचारा यांना," बायको म्हणाली. "पोरीसाठीच विझवली."

तात्पर्य: वैद्याचं अर्धंच ऐकून मुक्या जनावराचे हाल कराल, तर आधी आपल्याच घरची ऊब जाईल. मग 'लेकरासाठी केलं' म्हणून कितीही ऊर बडवा, लेकरू परत येत नाही.