नावाडी आणि खुणेच्या काठ्या

फार पूर्वी, खाडीवर पूल बांधण्याची विद्या जेव्हा कोणालाही अवगत नव्हती, तेव्हा एका खाडीच्या काठी एक नावाडी राहत असे. उतारूंना या तीरावरून त्या तीरावर पोचवणे आणि त्या तीरावरून या तीरावर आणणे, हा त्याचा व्यवसाय. त्याच्या पित्यानेही तोच केला होता. होडी भक्कम होती, उतारू सज्जन होते, घरी सुस्वभावी पत्नी होती. तरीही नावाड्याचे चित्त ठिकाणावर नसे.

वल्हे मारताना त्याचे मन समुद्रावर भटकत असे. जेवताना तो पाटावर स्थिर बसत नसे. निजल्यावर कुशी बदलून बदलून त्याने दोन चटया फाडल्या होत्या. एखादा उतारू पलीकडच्या बाजाराची हकीकत सांगू लागला की नावाडी त्याला मध्येच अडवून विचारी, "ते असू द्या. आपण उडणारे मासे कधी पाहिलेत काय?" उतारूने पाहिलेले नसत. मग नावाडी उरलेला प्रवास मुकाट्याने करी.

आता त्या खाडीची एक रीत होती. खाडीच्या तळाची वाळू एका जागी राहत नसे. म्हणून अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, जिला उधाण म्हणतात, ती ओसरली की नावाड्याने रिकामी होडी घेऊन निघावे, लांब बांबूने तळ चाचपावा, आणि पाणी जिथे खोल लागेल तिथे खुणेच्या काठ्या नव्याने रोवाव्यात. त्या काठ्या पाहूनच मोठी गलबते आतल्या बंदराला येत. हे काम कोणी सांगत नसे, आणि झाले की नाही हेही कोणी पाहत नसे. नावाड्याच्या पित्याने ते चाळीस वर्षे केले. नावाड्याने ते दोन वर्षे केले आणि मग सोडून दिले. त्याच्या होडीला हातभर पाणी पुरे. काठ्या कुठेही असल्या तरी त्याचे काही अडत नव्हते.

त्याची पत्नी एकदा म्हणाली, "अहो, उधाण होऊन गेले. काठ्या हलवायच्या नाहीत का?"

"काठ्या हलवून काय होणार? हलायला हवे ते मी! बारा वर्षे तेच पाणी, तोच चिखल, तीच वळणे. या खाडीत पाहण्यासारखे आता काय उरले आहे?"

"बरे, हला तुम्ही," ती म्हणाली, "पण आधी पानातला भात संपवा. तो मात्र रोज नवा असतो, आणि रोज तसाच टाकून उठता."

कार्तिक महिन्यात एका नवमीच्या पहाटे खाडीच्या मुखाशी एक मोठे गलबत येऊन उभे राहिले. ते खजुराच्या गोण्यांनी भरलेले होते आणि त्याच्या तळाला भेग पडली होती. खलाशी बादल्यांनी पाणी उपसत होते. आतल्या बंदराला पोचून भेग बुजवली नाही, तर दोन-चार दिवसांत गलबत बुडणार हे उघड होते. गलबताचा प्रमुख, ज्याला तांडेल म्हणतात, वाट दाखवणारा माणूस शोधू लागला.

नावाडी होडी हाकत धावतच गेला म्हणा ना!

"मार्ग ठाऊक आहे?" तांडेलाने विचारले.

"ठाऊक? डोळे मिटून नेतो."

"उघडे ठेवूनच ने. मजुरी काय घेशील?"

"मजुरी नको, तांडेलदादा. मला तुमच्याबरोबर न्या. खलाशी म्हणून न्या, भांडी घासायला न्या, पण या डबक्यातून मला बाहेर काढा."

तांडेलाने त्याला आपादमस्तक न्याहाळले. "गलबत बंदराला सुखरूप लागले, तर तुझी जागा पक्की. न लागले, तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

नावाडी झेप घेऊन गलबतावर चढला. जन्मभर ज्याची आस धरली, ते आता दोन कोसांवर आले होते.

सूर्योदयाच्या भरतीबरोबर गलबत आत निघाले. एक खलाशी शिसाचा गोळा बांधलेली दोरी घेऊन पाण्याची खोली मोजण्यासाठी पुढे उभा राहिला, तेव्हा नावाडी त्याला म्हणाला, "ठेव ती दोरी. मोजत बसलास तर भरती उतरू लागेल आणि वाटेतच अडकाल. त्या काठ्या दिसतात ना? त्यांच्या मधोमध चला."

तांडेलाने भुवया उंचावल्या. "त्यांच्यामधला तळ शेवटचा कधी चाचपला होता?"

एवढ्या एका प्रश्नावर सारे अवलंबून होते. दहा वर्षे चाचपला नाही, असे नावाड्याने सांगितले असते, तर दोरी पुन्हा पाण्यात पडली असती. परंतु मग तांडेल आपल्याला नेईल काय, या भयाने त्याची जीभ वळली.

"मागच्याच उधाणानंतर," तो म्हणाला.

दोरी गुंडाळली गेली. शीड फुगले. नावाड्याला आता राहवेना. "दादा, तिकडच्या समुद्रात मासे उडतात, हे खरे का? आणि बेटे म्हणे रात्रीत उगवतात?"

"तू पाण्याकडे पाहा," तांडेल म्हणाला.

"पाण्याकडे काय पाहायचे? हे पाणी तर माझ्या..."

पुढचे शब्द त्याच्या तोंडातच राहिले. गलबताखालून करकर असा आवाज आला, डोलकाठी थरथरली, आणि ते अजस्र धूड जागच्या जागी रुतून उभे राहिले. काठ्या जिथे रोवल्या होत्या तिथेच होत्या. खाडी तेवढी हलली होती.

भरती उतरली तसे गलबत एका कुशीवर कलले. तळाशी साचलेले पाणी गोण्यांत शिरले. खलाशी नावाड्याला जे बोलले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. तांडेल मात्र खाली वाकून भिजलेल्या गोण्या मोजू लागला, आणि तेच नावाड्याला अधिक लागले.

ओहोटी पुरती झाली तेव्हा गुडघाभर चिखलातून एक म्हातारी टोपली घेऊन येताना दिसली. ती रोज ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचत असे. गलबताकडे पाहून तिने कमरेवर हात ठेवले.

"अगो बाई! हे कोणी आणून ठेवले इथे?"

खलाशांच्या नजरा नावाड्याकडे वळल्या.

"तू काय रे? हा वाळूचा दांडा श्रावणात सुपाएवढा होता. गणपतीत अंगणाएवढा झाला. दिवाळीला मी याच्यावर बसून भाकरी खाल्ली. तुला दिसला नाही?"

"आजी, मी बारा वर्षे या खाडीवरून..."

"वरूनच गेलास तू. खाडीत कधी उतरलास?"

तांडेल शिडीने खाली आला आणि हात जोडून म्हणाला, "आजी, सायंकाळची भरती सकाळच्यापेक्षा मोठी आहे. गोण्या उतरवून गलबत हलके करतो, म्हणजे ते तरंगेल. पण पुढे जायला वाट आहे का?"

"आहे. पण ती इथे नाही, तिवरांच्या झाडांकडे सरकली आहे. काठ्या उपटून आणा. मी दाखवते तिथे रोवा." मग ती नावाड्याकडे वळली. "चल पोरा. पाय उचलून टाकू नकोस, घासत घासत चाल."

"का?"

"चिखलात पाकट मासा निजतो. त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. पाय घासत गेलास तर तो आधीच निघून जातो. माझी बहीण विसरली होती, ती महिनाभर उठली नाही."

नावाडी काठ्यांची मोळी खांद्यावर घेऊन निघाला. ज्या चिखलाला त्याने बारा वर्षे नावे ठेवली, त्यात तो आता जपून पाय घासत होता. दहा पावलांवर पायाखालून काहीतरी सळकन निघून गेले आणि तो किंचाळला. म्हातारी हसली. तिवरांच्या मुळांवर चढून बसलेले निवटे मासे डोळे वटारून त्याच्याकडे पाहत होते. एकाने टुणकन उडी मारली आणि तो हातभर हवेतून जाऊन चिखलात पडला. पुढे एका ठिकाणी पाणी थेट छातीपर्यंत आले. ते तिवरांमधून वाकडे वळण घेऊन बंदराकडे जात होते. इतका खोल आणि हिरव्या पाण्याचा प्रवाह आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, हे नावाड्याला माहीत नव्हते.

"आजी, तू किती वर्षे येतेस इथे?"

"सत्तर तरी झाली असतील."

"कंटाळा नाही येत?"

"कंटाळायला सगळे पाहून तरी व्हायला हवे ना!" म्हातारी म्हणाली. "रोव ती काठी. सरळ रोव."

दिवेलागणीच्या सुमारास भरती आली. हलके झालेले गलबत दांड्यावरून सुटले आणि नव्या काठ्यांच्या मधून, दोरीने खोली मोजत, बंदराला लागले. तळाची भेग बुजवण्यात आणि भिजलेला खजूर वाळवण्यात तीन आठवडे गेले. नावाड्याने त्या तीन आठवड्यांत रोज गोण्या वाहिल्या आणि मजुरी घेतली नाही.

अमावास्येच्या उधाणाला गलबत निघण्यास सिद्ध झाले. नावाडी धक्क्यावर येऊन उभा राहिला. त्याने काही मागितले नाही, तरी तांडेलाने ओळखले.

"जागा नाही," तांडेल म्हणाला. "वाट चुकलास म्हणून नव्हे. वाट चुकतेच. पण तू चाचपले नव्हतेस आणि चाचपले म्हणालास. समुद्रावर असा एक माणूस सगळ्यांना बुडवतो." मग तो निरोप द्यायला आलेल्या म्हातारीकडे वळला. "आजी, तुम्ही मात्र चला. तुमच्यासारखे डोळे माझ्या गलबतावर एकाचेही नाहीत."

"मी?" म्हातारीला हसू आवरेना. "मला कुठली रे सवड! आज मोठी ओहोटी. मधला खडक उघडा पडेल. त्याच्याखाली एक बीळ आहे, त्यात कोण राहते ते मला अजून कळलेले नाही. माझा हात पोचत नाही तिथवर."

दुपारी भरती फिरताच गलबत सुटले. नावाडी काठावर येरझारा घालू लागला. चार पावले गलबताच्या दिशेने, चार पावले घराच्या दिशेने. म्हातारी टोपली घेऊन खाली उतरताना दिसली, तेव्हा तो थबकला.

"आजी," त्याने हाक मारली, "माझा हात लांब आहे."

"मग काठावर काय करतोस?"

खाडी वळणावळणाची असल्याने गलबताला मुखाशी पोचेपर्यंत तिसरा प्रहर उलटला. तेव्हा नावाडी मधल्या खडकापाशी चिखलात पालथा पडला होता आणि त्याचा हात खांद्यापर्यंत बिळात होता. काठावरून त्याच्या पत्नीने हाक दिली, "अहो, गलबत चालले! पाहायचे नाही का?"

"थांब, थांब!" तो ओरडला. "आजी, काहीतरी हलले."

"काय आहे?"

"ठाऊक नाही. गार आहे. माझे बोट धरले त्याने!"

"मग हात काढू नकोस," म्हातारी त्याच्याशेजारी बसत म्हणाली.

बऱ्याच वेळाने नावाड्याने मान वर केली. क्षितिजावर शीड नव्हते. त्याचा हात अजून बिळातच होता.

तात्पर्य: नित्याची वाट ज्याने चाचपून पाहिली नाही, त्याने ती ठाऊक असल्याचे सांगू नये, आणि जो ती रोज चाचपतो, त्याला साहसासाठी गलबताची प्रतीक्षा करावी लागत नाही.