कडेला ठेवलेला तांब्या

न्हाई, ते पटायचं न्हाई. देव मायाळू हाय, म्हणून त्याच्या आज्ञा पाळल्या काय अन् न पाळल्या काय, तो सांभाळून घेतो, असं रविवारी चर्चच्या पायरीवर बसून ज्यानं सांगितलं, तो आज इथं न्हाई. बोलायचं अन् धोतर झटकून निघून जायचं, ही त्याची रीतच हाय. नसू दे. देव मायाळू हाय यावर भांडणच न्हाई. भांडण हे हाय की मायाळू म्हणजे काय. लेकरू विस्तवाकडं रांगत निघालं अन् बाप नुसता हसत बसला, तर त्याला काय मायाळू म्हणायचं? तवा ही गोष्ट ऐका, अन् तो भेटला की त्याच्याबी कानावर घाला.

माळावरच्या एका गावात नथान नावाचा एक गडी होता. चर्चमधी प्रार्थनेला उभा राहिला की बायाबापड्यांच्या डोळ्याला पाणी यायचं, असा त्याचा गळा. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं त्याला कडेवर वाढवला. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. नवरा वारला तशी ती भावाकडंच राहिली. पुढं एका तापात तिचे दोन्ही कान गेले. समोर तोंड करून बोललं तर ओठांवरनं तिला कळायचं. पाठीमागनं तोफ उडवली तरी कळायचं न्हाई.

आता गंमत बघा. नथानचं बोलणं ऐकायला चार गावची माणसं यायची, अन् घरच्या अक्काला त्यातलं अक्षर ऐकू यायचं न्हाई. मंग ती काय करायची, तो बोलत असला की मांडीवर पवित्र शास्त्र उघडून आपलं आपण वाचत बसायची. नथान चिडवायचा, "अक्का, माझं भाषण चुकवायला बहिरी झालीस का काय?" ती म्हणायची, "तू बोलून दमशील, हे पुस्तक दमत न्हाई."

नथाननं नवं घर बांधायला काढलं. दगडी भिंती, बाहेरनं दगडी जिना अन् वर माळवद. माळवद म्हणजे लाकडाच्या तुळयांवर पांढरी माती चोपून केलेलं सपाट छप्पर. उन्हाळ्यात बाया त्याच्यावर मिरच्या वाळवतात, कुरडया घालतात, रात्रीचं माणसं निजतात. म्हणजे नुसतं छप्पर न्हाई ते, अंगणच हाय, वर नेऊन ठेवलेलं.

घर झालं अन् दोन गाड्या दगड उरले. गवंड्यानं विचारलं, कठडा किती उंच घेऊ. नथान म्हणाला कठडा नको, या दगडांची दारावर कमान उचल. अन् कमानीच्या मधोमध एक मोठी फरशी बसव, तिच्यावर अक्षरं कोर, 'या घराचा राखणदार देव'. येणारा-जाणारा वाचंल.

अक्का तिथंच उभी होती. ती आत गेली, शास्त्र घेऊन आली अन् एका ओळीवर बोट ठेवून भावाच्या नाकापुढं धरलं. तिथं देवानं साध्या शब्दांत सांगितलेलं, नवं घर बांधशील तर धाब्याला, म्हणजे माळवदाला, कठडा कर, न्हाईतर वरनं कुणी पडलं तर त्याचं रगत तुझ्या घरावर येईल.

नथान हसला. तिला ओठ दिसावेत म्हणून सावकाश म्हणाला, "अक्का, हे मोशेच्या वेळचं, जुन्या नियमशास्त्रातलं. आता आपण येशूच्या कृपेत आलोय. देव दगड मोजत बसत न्हाई, तो मन बघतो."

अक्का म्हणाली, "मन बघतो ना? मंग त्याला दिसंल, तुझ्या मनात कमान हाय अन् माणूस न्हाई."

गवंडी खाली मान घालून हसला. नथानला ते झोंबलं. तो म्हणाला, विश्वास असंल त्याला कठडा लागत न्हाई, देव झेलतो. तवा गवंडी बोलला. त्याला लिहायला-वाचायला येत न्हवतं, पण ऐकलेलं ध्यानात राहायचं. म्हणाला, "भाऊ, तुम्हीच सांगितलं होतं की. सैतानानं येशूला मंदिराच्या टोकावर नेलं अन् म्हणाला टाक उडी, देव झेलील. येशूनं काय उडी टाकली न्हाई."

"तू दगड रच," नथान म्हणाला. "शास्त्र मी बघतो."

गवंड्यानं कमान उचलली. फरशी बसली. लांबनं अक्षरं दिसायची. माळवदाची कड मात्र हाताच्या तळव्यागत सपाट राहिली. अक्का रोज विचारायची, कठडा कवा? नथान रोज म्हणायचा, उद्या.

चैत्राच्या एका सकाळी घराच्या समर्पणाची प्रार्थना ठेवली. चर्चच्या पाळकांना बोलावलं. अंगणात सतरंज्या टाकल्या, पन्नास-साठ माणसं आली. अन् नेमका त्याच दिवशी अक्कानं भिजवलेल्या गव्हाचा चीक तयार झाला. तीन दिवस भिजलेला गहू, आणखी ठेवला तर नासतो. अक्का म्हणाली मला तुमची प्रार्थना तशीबी ऐकू येत न्हाई, मी वर कुरडया घालून घेते, देवाला काय वर-खाली सारखंच. शिजवलेल्या चिकाचं पातेलं अन् सोऱ्या घेऊन ती माळवदावर गेली.

कुरडया कशा घालतात बघितलंय ना? उकिडवं बसायचं, सोऱ्या दाबून पुढ्यात कुरडई पाडायची अन् थोडं मागं सरायचं. परत एक पाडायची, परत मागं. तोंड कुरडयांकडं, पाठ मोकळ्या जागेकडं. मागं बघायला सवड नसते, चीक गार झाला की सोऱ्यातनं उतरत न्हाई.

अक्का काय खुळी न्हवती. कड उघडी हाय हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं आपला पितळेचा तांब्या भरून कडेच्या दोन हात अलीकडं ठेवला. मागं सरता सरता टाच तांब्याला लागली की थांबायचं. भावानं दोन गाड्या दगडांचा कठडा केला न्हाई, तिनं एका तांब्याचा केला.

खाली पाळकांना तहान लागली. घरातली भांडी पाव्हण्यांत वाटून झालेली. नथानला अक्कानं वर नेलेला, घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्या आठवला. जिन्यावरनं वर गेला, तर तांब्या भरून कडेला ठेवलेलाच. अक्का पार पलीकडच्या कोपऱ्यात, पाठमोरी. असा कडेला तांब्या का ठेवलाय, असा इचार त्याच्या मनात आला न्हाई. त्यानं तो उचलला, खाली आणला अन् पाळकांच्या पुढ्यात ठेवला.

प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे डोळे मिटलेले. नथान घराकडं तोंड करून उभा. गळा असा लागला होता की झाडावरची पाखरंबी गप. देवा, तू या घराचा राखणदार, तुझी नजर आमच्यावर, असं म्हणता म्हणता आपली कमान एकदा बघावी म्हणून त्यानं डोळे उघडले.

कमानीच्या वर, माळवदाच्या कडेला, अक्काची पाठ दिसत होती.

कडेपासून दीड हातावर. कोपर हललं, एक कुरडई पडली. अक्का वीतभर मागं सरली.

हाक मारून उपेग न्हवता. जिना घराच्या बगलेला, सतरंजीवरच्या माणसांतनं वाट काढत पळावं लागणार. पण पळाला असता तर पोचला असता, हे नीट ध्यानात ठेवा. पायसुद्धा उचलला होता त्यानं. तेवढ्यात मनात आलं, एवढ्या माणसांत, पाळकांच्या समोर, राखणदार म्हणता म्हणता प्रार्थना तोडून पळायचं? लोक म्हणतील याचाच विश्वास न्हाई. अन् दुसरं मन म्हणालं, देव बघतोय की, देव झेलील.

अक्काची पाठ आणखी वीतभर मागं आली. टाच मागं काहीतरी चाचपत होती.

नथाननं डोळे मिटून घेतले अन् आवाज चढवला. देवा, राख. देवा, तूच राख.

मंग तो आवाज आला. मातीचं ढेकूळ आधी, अन् मागनं माणूस.

कमान कोरताना निघालेल्या दगडांच्या कपच्यांचा ढीग दाराशेजारी तसाच पडलेला होता. अक्का त्याच्यावर पडली. जीव वाचला. कमरेचं हाड मात्र मोडलं. माणसं धावली, बाया रडायला लागल्या. अक्का रडली न्हाई. तिची नजर अंगणभर फिरली अन् पाळकांच्या पायापाशी थांबली. तिथं तांब्या उन्हात चमकत होता.

"माझा तांब्या कुणी हलवला?" एवढंच ती म्हणाली.

ज्याला माहीत होतं, तो गाडी बघायला पळाला.

तालुक्याच्या दवाखान्यातनं अक्का पंधरा दिवसांनी घरी आली. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, देवाची मर्जी, त्याच्यापुढं कुणाचं काय चालतंय. नथानबी मान हलवायचा. ते बोलणं त्याला उशीसारखं मऊ लागायचं, त्याच्यावर डोकं टेकलं की झोप येत होती. एक दिवस अक्काच्या खाटंपाशी बसून तोबी तेच म्हणाला. अक्कानं त्याचे ओठ वाचले.

बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत न्हाई. ती एवढ्या मोठ्यानं बोलली की गल्लीतली माणसं थांबली.

"देवाच्या अंगावर घालू नको, नथ्या. देव माणसाला मागनं ढकलत न्हाई. मी पडायच्या कितीतरी आधी, तू जन्मायच्याबी आधी, त्यानं सांगून ठेवलं होतं, कठडा बांध. तो असाच राखतो. तुला वाटतं आज्ञा म्हणजे चाबूक, अन् आता तो मायाळू झाला म्हणून त्यानं चाबूक टाकून दिला. अरं, तो चाबूक कवाच न्हवता. तो त्याचा हात होता, माणसाच्या पाठीमागं आडवा धरलेला. तू तो हात बाजूला सारलास, अन् खाली उभा राहून त्यालाच ओरडत होतास, हात दे म्हणून."

नथाननं मान खाली घातली. त्याला एक गोष्ट माहीत होती अन् ती जगात दुसऱ्या कुणालाच माहीत न्हवती. तोंड शिवून बसला असता तर मरेपर्यंत कुणाला कळलं नसतं. चर्चमधी तसाच उभा राहिला असता, बायाबापड्या तशाच रडल्या असत्या. पण अक्काचे डोळे त्याच्या ओठांवर होते.

त्यानं मान वर केली. हळू बोलला, पण ओठ नीट हलवून.

"तांब्या मी उचलला, अक्का. अन् तुला मागं सरताना मी बघितलं. माझे डोळे उघडे होते. बघितलं अन् मिटून घेतले."

अक्काच्या हातावर माशी बसली, ती तिनं हाकलली न्हाई. नथान पोरागत हुंदके द्यायला लागला. माफ केलं म्हण, असं म्हणत तिचे पाय धरायला गेला. तिनं पाय आखडून घेतले, तेवढ्यानंबी कळ आली तिला.

"रडू नको," ती म्हणाली. "रडणं तुला चांगलं जमतं, सगळ्या गावाला ठाऊक हाय. माफीचं देव बघंल अन् मीबी बघीन. तू उठ. दगड काढ."

त्याच दुपारी, डोक्यावर ऊन असताना, नथान शिडी लावून कमान पाडायला लागला. गवंड्याला बोलवायला गेला तवा गवंडी पहार घेऊनच आला. एकेक दगड जिन्यावरनं वर गेला अन् कठड्यात बसला. रविवारी नथान चर्चमधी उभा राहिला, अन् त्या दिवशी त्यानं गळा लावला न्हाई. जे अक्काला सांगितलं तेच सगळ्यांना सांगितलं अन् खाली बसला. त्या दिवशी बायाबापड्यांपैकी कुणी रडलं न्हाई, सगळी नुसती बघत राहिली.

सगळ्यात शेवटी ती फरशी राहिली. गवंड्यानं विचारलं, अक्षरं कुणीकडं करू, रस्त्याच्या बाजूला केली तर दिसतील. नथान म्हणाला, आतनं कर. जिथनं अक्का पडली तिथंच बसव.

पुढच्या चैत्रात परत गहू भिजला. अक्काला जिना चढता येत न्हवता. नथाननं तिला पाठीवर घेतलं अन् एकेक पायरी मोजत वर नेलं. ती म्हणाली, "लहानपणी तू लई जड होतास. आता समजंल." उकिडवं बसणं तर संपलंच होतं. मांडी पसरून बसली, सोऱ्या दाबला, कुरडई पाडली, मागं सरली. परत एक, परत मागं. नथान जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता. त्याचे डोळे उघडे होते अन् ते त्यानं एकदाबी मिटले न्हाईत.

सरता सरता अक्काची पाठ फरशीला टेकली. ती थांबली. मागं न बघता तिनं हात नेऊन ती अक्षरं चाचपली, अन् चीक गार व्हायच्या आत पुढची कुरडई पाडायला लागली.

तात्पर्य एवढंच: देव राखतो तो आपल्या आज्ञेतनंच राखतो, आज्ञा टाळून त्याला राख म्हणणं हा विश्वास न्हवं, ती त्याची परीक्षा बघणं हाय.

ऐकून झालं. आता मान हलवत बसू नका. ज्याच्या माळवदाला कठडा न्हाई, ज्याची विहीर उघडी हाय, ज्याच्या हातनं काही करायचं राहिलंय अन् तो देवाच्या नावावर ढकलतोय, त्यानं आत्ता उठायचं. चर्चच्या पायरीवरच्या त्या शहाण्यालाबी हेच सांगा. प्रार्थना नंतर कर म्हणावं. आधी दगड उचल.