बोंडूची चानकी म्हशीखाली

बसलात का? नीट बसा.
नाक पुसा. अरे, बाहीला नाही! रुमालाला!
झालं? आता ऐका. आणि अहो वाचणारे, तुम्ही जरा मोठ्यानं वाचा. जेवला नाहीत का?

एक होतं कुत्र्याचं पिल्लू.
पांढरं पांढरं. कापसाच्या बोंडाएवढं.
म्हणून त्याचं नाव बोंडू.
शेपूट एवढीशी. पोट एवढंसं.
दात किती? दोन! एक वर, एक खाली.
तुला किती आहेत? आ कर. बघू. बाप रे, एवढे?

बोंडू राहायचा हौसाकाकूच्या दारात.
हौसाकाकू रोज भाकऱ्या थापायची. थप थप थप!
पहिली भाकरी गाईची.
मधल्या भाकऱ्या माणसांची.
शेवटी परातीत उरायचं मूठभर पीठ. त्याची व्हायची एक बुटकी भाकरी.
तिचं नाव चानकी.
आणि चानकी कुणाची? कुत्र्याची!

आजवर चानकी खायची बोंडूची आई. बोंडू प्यायचा आईचं दूध.
पण आज काकू म्हणाली, "बोंड्या, मोठा झालास रे! आजची चानकी तुझी."
बोंडूची पहिली चानकी!
शेपूट हलली. बोंडू हलला. शेपटीनं बोंडूला हलवलं की बोंडूनं शेपटीला, मला काही कळलं नाही.

आई निघाली शेतात राखणीला. जाताना म्हणाली, "बाळा, माणसांचं खाणं आहे. आपल्याला सगळं चालत नाही. पाठ कर."

"भाकरी चालेल, भात चालेल,
भोपळा चालेल, गाजर चालेल.
कांदा नको, लसूण नको,
द्राक्ष नको, चॉकलेट नको!"

आता तू का तोंड पाडलंस? चॉकलेट नको ते कुत्र्याला. तुझं तू आईला विचार.

काकूनं चानकी केळीच्या पानात बांधली. वर दोरा गुंडाळला.
"धर. एका जागी बसून खा. मिरवत फिरू नकोस."
पण ऐकेल तो बोंडू कसला? तुझ्याच जातीचा!
चानकी धरली तोंडात. आणि निघाला मिरवायला. लुटू लुटू, लुटू लुटू.

गोठ्यात उभी होती म्हैस. काळी काळी. ढगाएवढी.
बोंडूनं चानकी खाली ठेवली.
"म्हैसआत्या, म्हैसआत्या, बघ! माझी चानकी!"
"कुठंय? बघू," म्हणाली म्हैस.
आणि बसली. धब्ब!
कशावर बसली?
चानकीवर!

पानाचं टोक तेवढं बाहेर. बाकी सगळी म्हैसच म्हैस.
बोंडूनं टोक ओढलं. हुं हुं हुं! हलेना.
बोंडूनं म्हैस ढकलली. हुं हुं हुं! ती तर मुळीच हलेना.

"म्हैसआत्या, म्हैसआत्या, ऊठ ना!"
म्हैस म्हणाली, "नाही उठणार जा! पाठीला सुटलीय खाज. कावळा येईल, पाठ टोचेल, मग उठेन."
आणि बसली रवंथ करत. चघळ चघळ.

बोंडू निघाला. लुटू लुटू, लुटू लुटू.
कुंपणावर बसला होता कावळा.
"कावळेदादा, कावळेदादा,

म्हैस काही उठेना,
चानकी मला मिळेना!

तू तिची पाठ टोच ना!"

कावळा म्हणाला, "काव काव! नाही टोचणार जा! रिकाम्या पोटी कोण टोचतं? सकाळपासून एक द्राक्ष मिळालं. तेही आंबट ढाण. घे, तूच खा."
बोंडूच्या पोटात गुर्र झालं. द्राक्ष हिरवं होतं, गोल होतं.
पण बोंडू म्हणाला, "द्राक्ष नको!"
"नको तर नको. पपई पिकलीय त्या झाडावर. ती खाली पडेल, मी खाईन, मग टोचेन."

बोंडू निघाला. लुटू लुटू, लुटू लुटू.
परसात उभं होतं पपईचं झाड. वर एक पपई, पिवळी पिवळी.
"पपईमावशी, पपईमावशी,

कावळा पाठ टोचेना,
म्हैस काही उठेना,
चानकी मला मिळेना!

तू फळ खाली सोड ना!"

पपई म्हणाली, "नाही सोडणार जा! वरून पाण्याला हाका मारून मारून घसा कोरडा पडला माझा. फळ सोडायला काय जोर लागतो, तुला काय ठाऊक! हापशाचं पाणी येईल, मुळाशी जाईल, मग सोडेन."

बोंडू निघाला. लुटू लुटू, लुटू लुटू.
अंगणाच्या कोपऱ्यात उभा होता हापसा. लोखंडाचा. एक लांब हात, म्हणजे दांडा. एक लांब नाक, म्हणजे नळी.
"हापसेबुवा, हापसेबुवा,

पपई फळ सोडेना,
कावळा पाठ टोचेना,
म्हैस काही उठेना,
चानकी मला मिळेना!

तुम्ही पाणी ओता ना!"

हापसा म्हणाला, "खर्रर्र! नाही ओतणार जा! माझा दांडा कोण दाबणार? तू? तुला पाय चार, हात एक नाही! काकू येईल, दांडा दाबेल, मग ओतेन."
बोंडूनं उडी मारून बघितली. दांड्याला लोंबकळला. दांडा हलला नाही. बोंडूच पडला. पट्कन!
हसू नकोस. त्याला लागलं.

बोंडू निघाला. लुटू लुटू, लुटू लुटू.
ओसरीवर बसली होती हौसाकाकू. पुढ्यात उकडलेला भोपळा. काकू साल काढत होती.
"काकू, काकू,

हापसा पाणी ओतेना,
पपई फळ सोडेना,
कावळा पाठ टोचेना,
म्हैस काही उठेना,
चानकी मला मिळेना!

तू दांडा दाब ना!"

काकू म्हणाली, "म्हशीखाली घातलीस चानकी? सांगितलं होतं ना, मिरवू नकोस!"
बोंडूनं कान पाडले.
"काकू, दुसरी कर ना."
"कशाची करू? पीठ संपलं. परात धुतली. चूल विझली. आज तीच शेवटची."
"मग दांडा दाब ना."
"दाबते रे राजा, पण उठू कशी? बघ इकडे!"

बोंडूनं बघितलं.
काकूचा पदर बाजेवर. बाजेवर झोपला होता तात्या, म्हणजे काकूचा नवरा. आणि पदर होता तात्याच्या पाठीखाली!
"नवं लुगडं आहे. ओढलं तर फाटेल. हाका मारून मारून तोंड दुखलं माझं," काकू म्हणाली. "तात्या जागा होईल, पदर सुटेल, मग दाबेन."

एक म्हैस गोठ्यात बसलेली. एक बाजेवर झोपलेली.
मी कुणाचं नाव घेत नाही हं.

बोंडू गेला बाजेपाशी. लुटू लुटू, लुटू लुटू.
"तात्या, तात्या,

काकू दांडा दाबेना,
हापसा पाणी ओतेना,
पपई फळ सोडेना,
कावळा पाठ टोचेना,
म्हैस काही उठेना,
चानकी मला मिळेना!

तुम्ही जागे व्हा ना!"

तात्या म्हणाला, "घर्रर्र... फुस्स!"
"तात्या, अहो तात्या!"
"घर्रर्र... फुस्स!"
घर्रर्र फुस्स म्हणजे काय? म्हणजे नाही.

आता बोंडू कुणाला सांगणार? पुढं कुणीच नाही.
म्हणून त्यानं तुला सांगितलं. हो, तुलाच! तूही म्हण त्याच्याबरोबर. जोरात!

"तात्या जागा होईना,
काकू दांडा दाबेना,
हापसा पाणी ओतेना,
पपई फळ सोडेना,
कावळा पाठ टोचेना,
म्हैस काही उठेना,
चानकी मला मिळेना!"

बोंडूच्या डोळ्यांत आलं पाणी. पोटात झालं गुर्र, गुर्र, गुर्र.
आणि नाकात आला वास. खमंग! कुरकुरीत!
बाजेखाली ताटली होती. ताटलीत तात्याची उरलेली भजी होती. एक नाही, तीन!
कसली भजी?
कांद्याची!

बोंडू एक पाऊल पुढं गेला.
आणखी एक पाऊल.
जीभ बाहेर आली. लांब लांब. भज्याच्या अगदी जवळ...

"कांदा नको!" बोंडू स्वतःलाच ओरडला.
शहाणा की नाही? तू असतास तर? खरं सांग.

पण जीभ बाहेर आलेली. आता आत कशी घेणार? काहीतरी चाटायलाच हवं!
बाजेवरून लोंबत होता तात्याचा पाय. पायाला होता अंगठा. बटाट्याएवढा.
अंगठ्याचं आईनं काही सांगितलं नव्हतं.
अंगठा चालेल का? बोंडूनं विचार केला.
आणि चाटला!
लप लप, लप लप, लप लप!

"खी!" तात्या म्हणाला.
लप लप!
"खी खी! ए हौसा! पुरे गं! पोरं बघतील!"
काकू लाजून ओरडली, "मी नाही हो! कुत्रं आहे, कुत्रं!"
"कुत्रं?"
तात्या टण्णकन उडाला!

तात्या झाला जागा. पदर सुटला.
काकू उठली. दांडा दाबला. खटाक खुटुक, खटाक खुटुक!
हापशानं पाणी ओतलं. धो धो धो!
पाणी चरातून पळालं. पपईच्या मुळाशी गेलं. गट गट गट!
पपईनं फळ सोडलं. धप्प!
कावळ्यानं पपई खाल्ली. निम्मी खाल्ली, निम्मी ठेवली. मग उडून म्हशीच्या पाठीवर बसला आणि पाठ टोचली. टक टक टक!
"आहाहा!" म्हैस म्हणाली. "थोडं वर. हं. थोडं डावीकडं. हं हं!"
आणि म्हैस उठली!

बोंडू धावला. लुटूलुटूलुटूलुटू!
मागून काकू. काकूमागून तात्या, एका पायात चप्पल.
बोंडूनं दोरा सोडला. पान उघडलं.
आत काय होतं?
चानकी?
नाही.
चुरा!
चानकीचा नुसता चुरा चुरा!

बोंडूनं बघितलं म्हशीकडं. कावळ्यानं बघितलं म्हशीकडं. तात्यानंही बघितलं म्हशीकडं.
म्हैस म्हणाली, "मी हळूच बसले होते हो."
बोंडूनं तोंड वर केलं आणि गळा काढला, "ऊ ऊ ऊ! माझी पहिली चानकी! ऊ ऊ ऊ!"

काकूनं त्याला उचललं. त्याच्या तोंडात बघितलं. एक दात वर. एक दात खाली.
आणि काकू हसायलाच लागली.
"अरे वेड्या! या दोन दातांनी आख्खी चानकी चावणार होतास? मलाच ती आधी कुस्करावी लागली असती. म्हशीनं माझं काम केलं!"
"मी केलं?" म्हैस म्हणाली. आणि मान अशी वर केली, अशी!

मग काकूनं आणली वाटी.
वाटीत घातला चानकीचा चुरा.
त्यावर उकडलेला भोपळा, मऊ मऊ.
मीठ? चिमूटभर नाही. मिरची? नावाला नाही.
त्यावर कावळ्यानं ठेवलेली पपई. साल काढून, बिया काढून.
"मी अर्धीच खाल्ली हं, मुद्दाम," कावळा म्हणाला. खोटारडा! पोट भरलं होतं त्याचं.
तात्या म्हणाला, "वर एक भजं ठेवू का?"
काकू, कावळा, म्हैस, बोंडू, सगळे एकदम ओरडले, "कांदा नको!"
मग भजं तात्यानंच खाल्लं. त्याला काय, तेच हवं होतं.

बोंडूनं वाटीत तोंड घातलं.
लप लप चप चप! लप लप चप चप!
भाकरी मऊ. भोपळा गोड. पपई गार.
वाटी चाटली. पान चाटलं. नाकाला लागलेलं चाटलं.
पोट झालं ढब्बू. टिचकी मारली तर वाजेल, टुम!

संध्याकाळी आई आली शेतातून. तिनं विचारलं, "खाल्लीस का चानकी?"
बोंडू छाती काढून म्हणाला, "आई, तुला कुणी भाकरी कुस्करून दिलीय?"
"नाही रे."
"मला म्हशीनं दिली!"

तुला कोण कुस्करून देतं? आई? बाबा? हात्तिच्या! म्हैस नाही ना देत? मग बोंडूच मोठा.

मग बोंडूला आली झोप. ओसरीवर काकू बसली होती. बोंडू तिच्याशेजारी गेला, तीन गिरक्या मारल्या, आणि झोपला.
कशावर झोपला?
काकूच्या पदरावर!

काकूला उठायचं होतं. पण उठेना.
तात्या म्हणाला, "चाट त्याचा अंगठा!"
काकू म्हणाली, "श्श! झोपू द्या माझ्या बाळाला. तुम्हीच जा, चहा टाका."
तात्या गेला. बोंडू झोपला. त्याच्या एवढ्याशा नाकातून आवाज आला, "घर्रर्र... फुस्स!"

चानकी गेली पोटात,
म्हैस उभी गोठ्यात,
गोष्ट गेली कानात.
आता डोळे मिट.
आणि ते बोट काढ बरं नाकातून!