ओ आली तर

पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांचं मत घरी जाऊन घ्यायचं होतं, म्हणून निवडणुकीच्या ड्युटीवरच्या तांबटबाई माजी सभापती दौलतरावांच्या ओसरीवर आल्या.

"आई झोपलीय. मतपत्रिका द्या, अंगठा मी उठवून आणतो," दौलतराव गुरगुरले.

बाईंनी आत डोकावलं. रिकाम्या खाटेशी, पसरलेल्या पिठावर, दक्षिणेकडे तोंड केलेला दिवा जळत होता. असा दिवा गेलेल्या माणसासाठीच लावतात. वारा नव्हता, तरी ज्योत दाराकडे वाकली.

"देते की," बाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त इथूनच त्यांना एक हाक मारा. त्यांनी ओ दिली की लगेच देते."

हाक मारण्याऐवजी दौलतरावांनी वाकलेल्या ज्योतीकडे पाहिलं.

"आणि तिनं खरंच ओ दिली तर?" ते पुटपुटले.

"मग मत त्यांच्या मनाचं पडेल."