तीन हाका

"चुकलं कुठे, तेवढं तरी सांगा आक्का. बेरीज चुकली? घरं निवडताना चुकलं? की प्रश्नच चुकला?"

मधुसूदन ढवळे हे तिसऱ्यांदा विचारत होता. मंजुळाक्का मेथी निवडत होत्या. त्यांनी एक पिवळं पान काढून बाजूला टाकलं आणि पुढची काडी हातात घेतली.

...

मंजुळाक्का म्हणजे सावळवाडीच्या मठाच्या मुख्य. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. मठ तो केवढा? एक ओसरी, एक चूल आणि मागे समाधी. मी नोकरीतून मोकळा झाल्यापासून रोज दुपारी तिथेच जेवतो. फुकट जेवायची लाज वाटते म्हणून शेंगा फोडतो, पाणी भरतो. त्या दिवशीही शेंगाच फोडत होतो, त्यामुळे सगळं कानावर पडलं.

मधुसूदन कॉलेजची तीन वर्षं ह्याच ओसरीवर जेवला. पुढे अर्थशास्त्रात डॉक्टर झाला, पुण्यातल्या मोठ्या संस्थेत लागला. गेली दोन वर्षं आमच्या गावाची पाहणी त्याच्याकडे आहे. गावात किती माल तयार होतो, माणशी उत्पन्न किती, महागाई किती वाढली, किती हात रिकामे आहेत, हे सगळं तो मोजतो. हुशार माणूस. आपल्या आकड्यांचा त्याला अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर तो खोटा नव्हता. पाहणीसाठी निवडलेल्या चारशे घरांच्या पायऱ्या तो स्वतः चढला होता.

आदल्या दिवशी त्याने नगरपालिकेच्या सभागृहात अहवाल वाचून दाखवला. फळांच्या रसाचा नवा कारखाना आल्यापासून गावाचं उत्पादन वाढलंय. माणशी उत्पन्न वाढलंय. महागाई जेमतेम शेकडा चार. आणि बेकारी गेल्या वर्षी शंभरात अकरा होती, ती यंदा चारवर आली.

टाळ्या पडतील असं त्याला वाटलं होतं. कोणी टाळी दिली नाही, कोणी शिवीही दिली नाही. मागच्या रांगेतल्या बायका उठल्या, मग त्यांच्या पुढच्या. शेवटचं पान वाचून त्याने मान वर केली, तेव्हा सभागृहात तो, पंखा आणि खुर्च्या उचलायला थांबलेला शिपाई एवढेच उरले होते.

हे त्याने स्वतःच सांगितलं. मला त्याची दया आली.

"ओरडले असते तर उत्तर दिलं असतं," तो म्हणाला.

...

खरी गोष्ट त्याने नंतर, खाली मान घालून सांगितली. सूतगिरणी बंद पडून दोन वर्षं झाली. तेव्हापासून गिरणीच्या तीनशे घरांना नगरपालिका दरमहा वीस किलो धान्य देते. ठरावातच लिहिलंय की बेकारी पाचाच्या खाली आली की हे धान्य बंद. अहवालावर सोमवारी सही व्हायची होती. सही मधुसूदनची.

तो गुरुवार होता.

"आकडा चुकीचा असेल तर मी आत्ता फाडून टाकतो," तो म्हणाला. "पण बरोबर असेल तर माया आली म्हणून बदलता येत नाही. तुम्हीच शिकवलंत, पानावर बसलेला माणूस आपला असो की परका, वाढपी एकाच हाताने वाढतो."

आक्कांना हे आवडलं असावं. त्यांनी निवडलेली मेथी चुलीकडे धाडली आणि एकेक विचारायला सुरुवात केली. उत्पन्न कसं काढतोस? सगळ्यांचं एकत्र करायचं आणि माणसांनी भागायचं, तो म्हणाला. आक्का म्हणाल्या, बरोबर. आज मठात सात माणसं आणि चौदा भाकऱ्या आहेत, माणशी दोन. त्यांनी माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि पुढे गेल्या. मी दोन भाकऱ्यांवर थांबत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

महागाई कशी काढतोस? तो म्हणाला, घरात लागणाऱ्या ठरावीक वस्तूंची यादी असते, तिचे भाव दर महिन्याला लिहायचे. समोरच्या खाणावळीतल्या आमटीच्या वाटीचा भावही त्यात होता. वर्षभरात तो वाढला नव्हता. आक्का म्हणाल्या, खरंय, भाव तोच आहे. डाळ महागली तशी खाणावळवाल्याने आमटी पातळ केली.

मधुसूदन हसला. ह्या अडचणी त्याला माहीत होत्या, त्यांच्यावर इलाजही होते, आणि ते तो उत्साहाने सांगू लागला. आक्कांनी हाताने थांबवलं.

"बेकार कोन ते कसं ठरीवतोस?"

"दोन प्रश्न. गेल्या आठवड्यात तासभर तरी काम केलंत का? नाही म्हणाला, तर दुसरा. गेल्या महिन्यात काम शोधलंत का? हो म्हणाला, तर बेकार."

"आन् न्हाई म्हनाला तर?"

"तर तो मोजणीच्या बाहेर. म्हातारी माणसं, शिकणारी मुलं ह्यांच्यासारखा. व्याख्या माझी नाही आक्का, बाहेरच्या देशांतही अशीच चालते."

"गिरनीवाले काय म्हनाले?"

"गेल्या वर्षी हो म्हणाले. यंदा... बरेच जण नाही म्हणाले."

मला वाटलं आक्का आता काहीतरी बोलतील. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "जेवायची येळ झाली."

...

आमच्या मठात एक रीत आहे. मठ उभारणाऱ्या महाराजांनी ती घालून दिली आणि ओसरीच्या भिंतीवर तेलरंगात लिहून ठेवली. पानं वाढून झाली की मुख्याने फाटकात उभं राहायचं, गावाकडे तोंड करायचं आणि कोणी उपाशी आहे का म्हणून तीन हाका मारायच्या. त्याशिवाय घास घ्यायचा नाही.

पानं वाढली. आक्का काठी टेकत फाटकाशी गेल्या.

"कुनी उपाशी हाय का?"

रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. त्यावर कुत्रंही नव्हतं.

"कुनी उपाशी हाय का?"

"कुनी उपाशी हाय का?"

कोणी ओ दिली नाही. गेली वीस वर्षं मी पाहतोय, क्वचितच कोणी येतं. आक्का परत फिरल्या.

"मधू, कुनी आलं?"

"नाही आक्का."

"मंजे गावात उपाशी कोन न्हाई."

आक्कांनी स्वतःचं ताट उचललं. दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, कांदा. वर फडकं झाकलं आणि ताट त्याच्या हातात दिलं. मला म्हणाल्या, "तांब्या घ्या." आणि चालू लागल्या.

कुठे जायचं ते त्याने विचारलं. आक्का पुढे गेल्या होत्या.

आता, ऐंशीच्या पुढची बाई, डोक्यावर पदर, पाऊण मैलाची वाट आणि वैशाखातली दुपार. मी तांब्या सावरत मनातल्या मनात कुरकुरत होतो. पुण्याच्या संस्थेतला डॉक्टर दोन्ही हातांनी ताट धरून माझ्यापुढे चालला होता. त्याचा अहवाल ओसरीवरच राहिला होता.

...

गिरणीच्या बंद फाटकासमोर कडुनिंब आहे. त्याच्या पारावर एक माणूस बसला होता. धुतलेला शर्ट, व्यवस्थित भांग, खिशाला गिरणीचा बिल्ला.

मधुसूदनने त्याला ओळखलं. "आनंदा खरमाटे," तो मला हळूच म्हणाला. "एकशे सतरावं घर."

आनंदा लगबगीने उठला. एवढ्या उन्हाचं कशाला आलात म्हणाला, आक्कांना सावलीत जागा करून दिली. डॉक्टरला त्याने नमस्कार केला.

मधुसूदनच्या तोंडून सवयीने प्रश्न गेला. "जेवलात का?"

"व्हय सायेब. आत्ताच."

मधुसूदनने आक्कांकडे पाहिलं. बघा, विचारलं, असं त्या बघण्यात होतं. ताट तो परत न्यायला वळलाच होता.

आक्का पारावर बसल्या. त्यांनी त्याच्या हातून ताट घेतलं, आपल्या आणि आनंदाच्या मध्ये ठेवलं, फडकं काढलं.

"मी जेवले न्हाई अजून," त्या म्हणाल्या. "येकटीला घास उतरत न्हाई."

...

आनंदा ताटाकडे पाहत राहिला. मग त्याने माझ्याकडे हात पुढे केले. मी पाणी घातलं.

पहिले चार घास त्याने भराभरा खाल्ले. मग आम्ही बघतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं, तो हळू चावायला लागला. मी तोंड फिरवून फाटकाच्या कुलपाकडे बघत बसलो. मधुसूदनला तेही सुचलं नाही.

दोन्ही भाकऱ्या संपल्या. आक्कांनी त्यातला एक तुकडा तेवढा मोडला होता.

मधुसूदन पाराच्या कडेला टेकला. त्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं. "मी घरी आलो होतो. काम शोधता का विचारलं. तुम्ही नाही म्हणालात."

आनंदा ओशाळला, जणू चूक त्याचीच होती. पहिल्या वर्षी चार गावं फिरलो, म्हणाला. पंचेचाळिशीच्या वरच्याला कोणी उभं करत नाही. मग इथेच येऊन बसायला लागलो. अठरा वर्षं ह्या फाटकातून आत गेलो, उद्या उघडलं तर पहिला आत जाईन.

"मग तसं सांगायचं ना मला."

"सायेब, बायकू दारात हुबी हुती," आनंदा म्हणाला. "शोधतोय आन् मिळत न्हाई, असं तिच्यासमूर किती दिस म्हनायचं? न्हाई शोधत म्हनलं की... मान वर ऱ्हाती."

...

मधुसूदनने खिशातला पेन काढला, पाहिला आणि परत ठेवला. लिहायला जवळ काहीच नव्हतं. डोळे भरले होते त्याचे, आणि त्याने ते पुसले नाहीत. इतका शिकलेला माणूस असा बसलेला पाहून मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. आदल्या दिवशीच्या अहवालाने तो वाटला नव्हता.

"मी खोटं लिहिलं नाही आक्का."

"न्हाई. तू खोटं लिवनारा न्हाईस. म्हनून तर गाव तुज्यावर वरडलं न्हाई. उठून गेलं."

आनंदाने तांब्यातल्या उरलेल्या पाण्याने ताट धुतलं आणि फडक्याने कोरडं केलं. आक्का काठीवर भार देऊन उठल्या. आम्ही परत निघालो.

अर्ध्या वाटेवर मधुसूदन थांबला. तो पुन्हा हिशेबी माणूस झाला होता, पण वेगळा. बोटांवर मोजत होता. गुरुवारची दुपार, मग शुक्रवार, शनिवार, रविवार. त्याचे मदतनीस पुण्याला परत गेलेले. दारात उभं राहून विचारायचं नाही, आत जाऊन बसायचं, म्हणजे एका घराला अर्धा तास तरी धरायला हवा. बायकोला वेगळं विचारायला हवं, गड्याला वेगळं. सोमवारची तारीख पुढे ढकलायला माणसं ऐकणार नाहीत, भांडावं लागेल, कदाचित पाहणी हातून जाईलही.

"चारशे घरं आहेत आक्का," तो म्हणाला. "किती घरांना पुन्हा जाऊ? पन्नास पुरतील? शंभर?"

आक्का ऐकत होत्या. घाम पदराने टिपला. मग रिकामं ताट त्याच्या हातात दिलं.

"हाका किती मारायच्या ते भिंतीवर लिवलंय," त्या म्हणाल्या. "चालायचं किती, ते कुठंच लिवलेलं न्हाई."